वसईच्या पूर्वपट्टीतील जळण, जंगलचे ठेके आणि सरकारी सवलत

इंधनावरील सरकारी सवलत हा विषय सामान्यतः अर्थसंकल्पातील आकड्यांच्या आधारे अभ्यासला जातो. सरकारने किती रक्कम सोडली आणि ती किती कुटुंबांपर्यंत पोहोचली, एवढ्यावर विवेचन संपते. जुन्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागाचा, म्हणजे १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलखाचा इतिहास पाहू गेल्यास मात्र ही मांडणी उलटी करावी लागते. हा मुलूख दीर्घकाळ इंधन घेणारा नसून पुरविणारा होता. स्वस्त जळणाचा लाभ मुंबई शहराला होत असे, आणि त्या स्वस्ताईची भरपाई सरकारी तिजोरीतून न होता लाकूड तोडणाऱ्याच्या मजुरीतून होत असे. ही भरपाई ज्या कागदाने घडवून आणली तो कागद म्हणजे जंगलचा ठेका होय.

वसई तालुक्याचे दोन भाग सहज ओळखू येतात. लोहमार्गाच्या पश्चिमेस केळी व पानवेलींच्या बागायतीची, दाट वस्तीची किनारपट्टी. पूर्वेस तुंगारेश्वर आणि कामणदुर्गाचे डोंगर व त्यांच्या कुशीतील वारली, मल्हार कोळी, कातकरी ह्यांचे पाडे. वसईविषयीचे इतिहासलेखन बहुतांशी पहिल्या भागातच रमले. पोर्तुगीज अंमल, १७३९ सालचा चिमाजी आप्पांचा विजय, १८०२ चा तह हे विषय वारंवार चर्चिले गेले, परंतु किल्ल्याच्या तटापासून काही कोसांवर असलेल्या पाड्यांना त्या लेखनात क्वचितच जागा मिळाली. वास्तविक पोर्तुगीजकालीन वसईचा जहाजबांधणीबद्दलचा लौकिकही मागील रानांतून येणाऱ्या लाकडावाचून उभा राहिला नसता.

इंग्रजी अंमलात ह्या रानांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन ह्यांची मुंबई इलाख्याचे पहिले जंगल-संरक्षक म्हणून नेमणूक झाली. पुढे १८६५ व १८७८ चे जंगल कायदे आले. त्याच सुमारास १८६४ मध्ये मुंबई-सुरत लोहमार्ग पूर्ण झाला आणि १८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून मुंबईस नियमित लोकलगाडी सुरू झाली. तोपर्यंत जळाऊ लाकडाची वाहतूक खाड्यांवर अवलंबून होती. वैतरणेतून मनोरपर्यंत भरतीच्या पाण्याबरोबर पडाव जात, आणि उल्हासच्या मुखाशी वसईची खाडी होतीच. लोहमार्गाने ही वाहतूक बंद पाडली नाही. तिला जोड दिली. १८६४ च्या शिरगणतीत आठ लाखांवर गेलेल्या मुंबईच्या चुली ह्या दोन वाटांनी येणाऱ्या फाट्यांवर व कोळशावर पेटत होत्या.

ह्या व्यापाराचे अर्थकारण समजून घेण्यासाठी ठेक्याची रीत पाहणे अगत्याचे आहे. जंगलखाते राखीव रानाचे कूप पाडी, म्हणजे तोडीसाठी आखलेले भाग करी, आणि एकेका वर्षाच्या कुपाचा लिलाव करी. ज्याची बोली सर्वांत चढी त्यास कूप मिळे. सरकारचे उत्पन्न अशा रीतीने तोडीपूर्वीच निश्चित होई आणि पुढील जोखीम ठेकेदाराकडे जाई. आता ठेकेदाराच्या हिशेबात बदलण्याजोगे काय उरे? मुंबईतील लाकडाचा भाव त्याच्या हाती नव्हता, आणि रेल्वेचे भाडे व पडावाचे नूर हेही बहुतांशी ठरलेले. एकच बाब त्याच्या मुठीत होती, ती म्हणजे तोडणाऱ्याची मजुरी. लिलावात बोली जसजशी चढे तसतसा त्या एका बाबीवरील दाब वाढे. सरकारने मजुरीचा दर कमी ठेवण्याचा हुकूम कधी काढला नाही, आणि तसा तो काढण्याची गरजही नव्हती. लिलावाची रीतच ते काम करी.

ही मजुरी रोख फार थोडी असे. पावसाळ्यात धान्य संपले की वारली किंवा कातकरी कुटुंब सावकाराकडून खावटी घेई, आणि तो सावकार पुष्कळदा जंगल-ठेकेदार किंवा त्याचा नातलग असे. दिवाळीनंतर कूप सुरू होताच ते कुटुंब फेडीसाठी रानात उतरे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी वर्षानुवर्षे धन्याकडे राबणाऱ्या माणसाला तर ‘लग्नगडी’ असे स्वतंत्र नावच पडले होते.

कोळशाच्या भट्टीत ह्या व्यवस्थेचे स्वरूप अधिक स्पष्ट दिसते. ओंडके रचावयाचे, त्यांवर पाला व माती लिंपावयाची, आत विस्तव घालून वारा कोंडावयाचा आणि कित्येक दिवस रात्रंदिवस पहारा ठेवावयाचा. मातीला भेग पडून हवा शिरली की भट्टीची राख होते. हे काम मुख्यतः कातकऱ्यांचे. लाकडाचा कोळसा झाला म्हणजे वजन एक चतुर्थांशाच्याही खाली येते, म्हणून वाहतुकीचा खर्च घटतो. परिणामी लोहमार्ग व खाडी ह्यांच्या जवळचे रान जळाऊ लाकडासाठी आणि आतले, दुर्गम रान कोळशासाठी तोडणे ठेकेदारास परवडे. रान जितके दूर तितके कातकरी कुटुंबाचे भट्टीपाशी पाल ठोकून राहणे लांबे, आणि ठेकेदाराच्या दुकानाखेरीज मीठमिरची घेण्यास दुसरी जागा नसे. दूरत्वाचा खर्च असा पुन्हा त्याच खात्यावर पडे.

शेतकऱ्याचेही ह्या व्यापाराशी भांडण होते. भाताचे रोप करण्यापूर्वी जमिनीवर फांद्या व पालापाचोळा जाळून राब करण्याची कोकणातील प्रथा सर्वश्रुत आहे. जी फांदी शहराचे जळण तीच गावाच्या शेताचे खत. १८७८ च्या कायद्यानंतर राबासाठी तोड करण्यावर बंधने आली तेव्हा एवढा असंतोष माजला की ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारींच्या चौकशीसाठी सरकारला १८८५ मध्ये जंगल कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि राबाच्या बाबतीत काही सवलती मिळाल्या. त्या मुख्यतः जमीनधारकाच्या पदरात पडल्या. ज्यास स्वतःची जमीन नाही त्या मजुराचा प्रश्न राबाच्या चर्चेत मावणाराच नव्हता.

तो प्रश्न सरकारी कागदांवर विस्ताराने मांडला जाण्यास पुढे पन्नास वर्षे जावी लागली. १९३७ मध्ये अधिकारावर आलेल्या बाळासाहेब खेर ह्यांच्या मंत्रिमंडळाने डी. सिमिंग्टन ह्या सनदी अधिकाऱ्यास अंशतः वगळलेल्या क्षेत्रांतील आदिवासींच्या स्थितीची पाहणी करण्यास सांगितले. सावकारी, वेठ आणि जंगल-ठेकेदारांची वागणूक ह्यांविषयी त्यांनी जे लिहिले ते स्पष्टवक्तेपणात एतद्देशीय सुधारकांनाही मागे सारणारे आहे. मात्र एक गोष्ट अभ्यासकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. ठाणे जिल्ह्यातील अंशतः वगळलेल्या क्षेत्रात डहाणू व शहापूर हे तालुके आणि मोखाडे व उंबरगाव ह्या पेट्यांचा समावेश होता. वसई तालुक्याचा नव्हता. किनारपट्टीच्या सुबत्तेमुळे वसई ‘सुधारलेला’ तालुका गणला गेला आणि त्याच्या पूर्वपट्टीतील पाडे चौकशीच्या रेषेबाहेर राहिले. प्रशासकीय सीमेचा असा परिणाम पुष्कळदा दुर्लक्षिला जातो.

१९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळील झरी येथे किसान सभेच्या सभेत वारल्यांनी वेठ व लग्नगडीची पद्धत न मानण्याचे ठरविले. श्यामराव व गोदावरी परुळेकर ह्यांच्या नेतृत्वाखालील ह्या लढ्यात १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडे येथे गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. लढ्याचा हा भाग प्रसिद्ध आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे तो १९४६ चा जंगल-कामाचा संप. दिवसाला सव्वा रुपया मजुरी ही त्यातील मागणी होती. कुपाचा ठेका ठरलेल्या मुदतीत पुरा करावयाचा असतो, आणि तोडीचा हंगाम टळला की ठेकेदाराने सरकारात भरलेली रक्कम अडकून पडते. लिलावाच्या रीतीतील हे दुबळे स्थान वारल्यांनी बरोबर हेरले. सरकारने, ज्यात गृहखाते मोरारजी देसाई ह्यांच्याकडे होते, परुळेकरांना जिल्ह्याबाहेर घालविले; तरी मजुरीचा प्रश्न दडपून ठेवणे यापुढे शक्य नव्हते.

ह्या पार्श्वभूमीवर १९४७ मध्ये जंगल कामगार सहकारी संस्थांची योजना पुढे आली. तिच्यामागे खेर ह्यांची सेवावृत्ती व ठक्कर बाप्पांच्या कार्याचा आदर्श होता ह्यात शंका नाही. लाल बावट्याखाली गेलेल्या मजुरास परत आणण्याचा हेतूही होता. दोन्ही हेतू मान्य केल्याने योजनेचे महत्त्व कमी होत नाही. योजनेचा गाभा असा की काही कूप लिलावात न काढता, खात्याने ठरविलेल्या किमतीवर, आदिवासी मजुरांच्या सहकारी संस्थेस द्यावयाचे. संस्थेच्या मागे आदिवासी सेवा मंडळासारखी एखादी पुरस्कर्ती संस्था उभी राहून हिशेब, व्यवस्थापन व पत ह्यांची जबाबदारी घेई.

चढ्या बोलीचे उत्पन्न सोडणे म्हणजे सरकारी महसुलावर पाणी सोडणे होय, आणि त्या वेळी अर्थखाते सांभाळणारे वैकुंठभाई मेहता हे स्वतः सहकाराचे अध्वर्यू होते हा योगायोग येथे उपकारक ठरला. जळणाच्या व्यवहारात सरकारने स्वतःच्या खर्चाने दिलेली ही पहिली खरी सवलत म्हणता येईल. ती ग्राहकास दिली नव्हती, उत्पादकास दिली होती. आणि तिचे साधन भाव हे नसून करार हे होते. लिलाव गेला की मजुरीवरील दाबही जाईल, हे तिच्यामागील तर्कशास्त्र अचूक होते.

तिचे फळ मात्र संमिश्र राहिले. मजुरी सुधारली, खावटीसाठी सावकाराचे दार टाळता आले, संस्थांच्या नफ्यातून काही ठिकाणी शाळा-वसतिगृहांस साहाय्य झाले. परंतु सभासद हा कागदावर मालक आणि कुपात मजूरच राहिला, कारण लाकडाची मोजणी, वाहतुकीचे पास व डेपोवरील विक्री ही कामे लिहितावाचता येणाऱ्यांच्या हाती होती. जुना ठेकेदार नाहीसा झाला असेही नाही. तो डेपोवरील लिलावात खरेदीदार होऊन आला. शिवाय संस्थेचे जीवित खात्याच्या आराखड्यावर अवलंबून होते. १९७४ मध्ये महाराष्ट्र वनविकास महामंडळ स्थापन होऊन सरकारी मालकीचा एक नवा दावेदार उभा राहिला, १९८० चा वनसंवर्धन कायदा आला, आणि डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मंजूर कार्य-आराखड्याबाहेरील तोड थांबली. ज्या कुपावर संस्था उभ्या होत्या तेच आक्रसत गेले.

दरम्यान जळणाची बाजारपेठही पालटली होती. १९५४ व १९५५ मध्ये तुर्भे येथील दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. रॉकेल आणि पुढे गॅस ह्यांनी मुंबईच्या चुलीतील लाकडाची जागा घेतली. ह्या नव्या इंधनांवर सरकारने सवलत दिली ती ग्राहकास आणि तिजोरीतून. शहराला स्वस्त जळण मिळत राहिले. फरक एवढाच की आता ते कुणाच्या मजुरीतून कापले जात नव्हते. रानातल्या मजुराचा मात्र शहराच्या चुलीशी असलेला संबंधच तुटला, आणि शहराच्या वाट्याला आलेली सवलत पाड्यावर पोहोचण्यास आणखी अर्धशतक लागले.

वसईच्या पूर्वपट्टीत काय घडत होते हे १९८० नंतरच्या दशकारंभी उघडकीस आले. तालुक्यातील दहिसर येथील वेठबिगार आदिवासींच्या मुक्ततेपासून विवेक व विद्युल्लता पंडित ह्यांच्या श्रमजीवी संघटनेचे कार्य सुरू झाले. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ चा, सिमिंग्टन ह्यांचा अहवाल त्याहून चार दशके जुना. आणि मुंबईपासून लोकलगाडीच्या अंतरावर लग्नापायी गहाण पडलेली माणसे राबत होती. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात घेण्यात आली. १९३७ च्या चौकशीची रेषा इतक्या उशिरा सरकली.

सवलतीच्या वाटपाची आजची रीत पाहता जुन्या ठेक्याची एक खूण टिकून असल्याचे दिसते. पाचूबंदर व अर्नाळा येथील मच्छीमारांना बोटीच्या डिझेलवरील कराचा परतावा सहकारी संस्थांमार्फत मिळतो. आधी पुरी किंमत भरावयाची, परतावा मागाहून. गॅसच्या बाबतीतही २०१५ पासून सवलत थेट बँकेच्या खात्यात जमा होते, म्हणजे टाकीची पूर्ण किंमत प्रथम मोजावी लागते. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने पाड्यांवर जोडण्या आल्या. तिच्या लाभधारकांस २०२२ पासून टाकीमागे २०० व ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपयांची सूट ठरली, ती ह्याच रीतीने. ज्याच्यापाशी आगाऊ रोकड आहे त्यालाच अशी सवलत वेळेवर उपयोगी पडते. किनाऱ्यावरचा नाखवा मधला काळ दलालाच्या उचलीवर काढू शकतो. रोजंदारीवरील कुटुंबास तेवढीही सोय नसते. पावसाळ्यात खावटी लागे ती ह्याच कारणाने.

म्हणून चूल अंशतः लाकडावर चालू राहते, आणि ते लाकूड येते तुंगारेश्वराच्या रानातून. सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे हे रान २००३ पासून अभयारण्य आहे. तेथून मोळी आणणाऱ्या बाईचा व्यवहार दीर्घकाळ चोरीतच जमा होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत मध, बांबू, तेंदूपाने ह्यांच्या जोडीला काटक्याकुटक्या आणि खुंटांचाही समावेश केला, आणि हा हक्क अभयारण्यांनाही लागू आहे. त्याखालील २००७ च्या नियमांनी अशा मालाची रानातील वाहतूक डोक्यावरील मोळी, सायकल व हातगाडी ह्यांपुरती मोकळी ठेवली होती. २०१२ च्या दुरुस्तीने तीत योग्य वाहनांची भर पडली. ज्या वाहतुकीच्या खर्चावरून कोणते रान कोळशास आणि कोणते फाट्यास हे ठेकेदार ठरवीत असे, तिच्यावरील अधिकार कायद्याच्या कागदावर प्रथमच ग्रामसभेकडे आला. तो बजावण्यासाठी प्रथम सामूहिक हक्काचा दावा मंजूर व्हावा लागतो, आणि त्या दाव्याचा निर्णय महसूल व वन ह्या खात्यांचे अधिकारी ज्या समितीवर असतात त्या जिल्हास्तरीय समितीपुढे होतो.