राणीचा तीन फुटी पलंग

इतिहास शिकवताना आम्ही मास्तर मंडळी मुलांना राजेलोकांची सिंहासनं दाखवतो, दरबार दाखवतो, तलवारी दाखवतो. राजा रात्री कुठे आणि कशावर झोपतो, हे पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. मला मात्र हल्ली वाटू लागलं आहे, की दरबार लोकांसाठी सजवलेला असतो. माणूस (आणि त्याचा काळही) कळायचा तर त्याच्या झोपायच्या खोलीत डोकावावं. आज अशाच एका खोलीबद्दल लिहितो आहे. ही खोली जमिनीवरची नाही, जहाजावरची आहे.

'ब्रिटानिया' हे ब्रिटिश राजघराण्याचं जहाज, त्यांच्या भाषेत रॉयल यॉट. लांबी ४१२ फूट. स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकला जॉन ब्राउन कंपनीच्या गोदीत ते बांधलं गेलं. कामाचा हुकूम निघाला फेब्रुवारी १९५२ मध्ये, आणि पुढच्या दोनच दिवसांत, ६ तारखेला, राजे सहावे जॉर्ज वारले. आजारी राजाला समुद्राची हवा मानवेल हाही एक हेतू होता म्हणतात. ते राहिलंच. १६ एप्रिल १९५३ रोजी त्यांच्या मुलीने, म्हणजे दुसऱ्या एलिझाबेथ राणीने, जहाज पाण्यात सोडलं. तिचा राज्याभिषेक अजून दीड महिना लांब होता.

आता तो काळ लक्षात घ्या. महायुद्ध जिंकून आठ वर्षं झाली तरी इंग्लंडात रेशनिंग चालूच होतं. साखरेवरचं रेशन उठलं सप्टेंबर १९५३ मध्ये आणि मांसावरचं तर १९५४ मध्ये. १९७२ च्या दुष्काळात मिलोच्या भाकरी खाल्लेल्या आमच्या पिढीला रेशन म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. घराघरात साखर मोजून वापरली जात असताना वीस लाख पौंडांचं जहाज बांधायचं, तर लोकांना काहीतरी कारण द्यायला हवं. ते असं दिलं गेलं, की युद्ध आलंच तर या जहाजाचं रुग्णालय करता येईल. पुढे १९८२ साली फॉकलंडचं युद्ध आलं, तेव्हा ब्रिटानिया काही गेली नाही. तिला लागणारं तेल बाकीच्या नौदलापेक्षा वेगळं होतं, असं सांगण्यात आलं. असो.

आतली सजावट आधी एका ग्लासगोच्या कंपनीकडे होती. त्यांचे आराखडे राणीला आणि प्रिन्स फिलिपना फार भपकेबाज वाटले. मग काम दिलं गेलं ह्यू कॅसन यांना. हे वास्तुविशारद, १९५१ च्या 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन' या मोठ्या प्रदर्शनाच्या वास्तुरचनेचे प्रमुख. त्यांनी सोन्याचा मुलामा जवळजवळ पुसून टाकला. पांढऱ्या भिंती, करड्या छटेचे गालिचे, थोडं महॉगनी लाकूड. खेड्यातलं एखादं खानदानी घर समुद्रावर ठेवल्यासारखं वाटावं, ही कल्पना. जुन्या 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट' या राजनौकेवरचं फर्निचरही काटकसर म्हणून इथे वापरलं.

जहाजावर झोपायची खोली करणं हे घरातली खोली सजवण्यासारखं नसतं बरं का. घर हलत नाही. जहाज दोन तऱ्हेने हलतं: डाव्या-उजव्या अंगावर कलंडतं, आणि लाटेवर चढताना त्याचं नाक वर जाऊन पुन्हा खाली आपटतं. आडवा पलंग टाकला तर कलंडताना झोपलेल्याचं कधी डोकं खाली तर कधी पाय खाली. म्हणून पलंग शक्यतो जहाजाच्या लांबीला धरून. टेबलाला काठ उचललेला हवा, नाहीतर पाण्याचा तांब्या जमिनीवर. ब्रिटानियाला तर कलंडणं कमी करण्यासाठी पाण्याखाली पंखच लावले होते, माशाच्या परांसारखे.

एडिंबरोला मुलीकडे गेलो असताना लीथ बंदरात हे जहाज पाहण्याचा योग आला. ११ डिसेंबर १९९७ ला ते सेवेतून निवृत्त झालं आणि पुढच्या वर्षापासून तिथे लोकांना बघायला खुलं आहे. राणीची खोली काचेआडून दिसते. मी बराच वेळ उभा राहिलो, मागचे लोक खोळंबले. पलंग तीन फूट रुंद! आमच्या बोर्डिंगातल्या मास्तरांची कॉट याहून फार अरुंद नव्हती. उशाशी भिंतीवर रेशमी भरतकामाचा एक पडदा, फुलाफुलांची कापडं. शेजारी फिलिपसाहेबांची खोली, मध्ये दार. पलंग तेवढाच, पण लाकूड गडद, आणि उशीला लेस नको असं त्यांनी मुद्दाम सांगितलेलं. अख्ख्या जहाजावर डबल बेड एकच. तो पाहुण्यांच्या खोलीत. नवपरिणीत राजपुत्रांसाठी आणि राजकन्यांसाठी.

हे सगळं पाहून मी भारावलो, हे खरं. मग खालच्या मजल्यावर गेलो.

राजघराण्याच्या खोल्या जहाजाच्या मागच्या भागात आणि खलाशी पुढच्या. लाटेवर जहाजाचं जे नाक आपटतं म्हटलं, ते हेच. सव्वादोनशेच्या वर माणसं तिथे राहत. ती राणीच्या खोल्यांजवळ काम करताना मऊ तळव्याचे बूट घालत आणि आवाज नको म्हणून हाताच्या खुणांनी हुकूम देत-घेत. आणि झोपत कुठे? १९७३ पर्यंत हॅमॉकमध्ये, म्हणजे टांगत्या झोळीत. ब्रिटिश नौदलातलं झोळ्या वापरणारं हे शेवटचं जहाज म्हणतात. नेल्सनच्या काळी एका खलाशाला झोळी टांगायला १४ इंच जागा मिळे. ब्रिटानियावर तेवढे हाल नसतील, पण १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला तेव्हा इथले खलाशी झोळीतच होते.

साधेपणाचं कौतुक करावं की नाही, या प्रश्नावर मी तिथेच अडखळलो. राणीने तीन फुटी पलंग निवडला. तिला तीस फुटीही मिळाला असता. झोळीतल्या पोराला कुणी विचारलं नव्हतं. निवडलेला साधेपणा आणि वाट्याला आलेला साधेपणा यांना आपण एकच शब्द वापरतो. इतिहासाच्या मास्तराने तरी वापरू नये. तरीही कॅसन यांचं काम मला खोटं वाटलं नाही. रिकाम्या दुकानांच्या देशात सोन्याचा पलंग नाकारणं, एवढं तरी त्यात आहेच.

या जहाजावर झोपण्याची आणखी एक हकिकत आहे, आणि मला तीच सगळ्यात जास्त आवडते. जानेवारी १९८६ मध्ये दक्षिण येमेनमध्ये यादवी पेटली. ब्रिटानिया न्यूझीलंडला निघाली होती, राणी जहाजावर नव्हती. तिला एडनकडे वळवलं. होड्यांनी किनाऱ्यावरून माणसं आणली, अनेक देशांची, हजारांहून जास्त, आणि जिबूतीला सुखरूप पोचवली. एवढ्या माणसांना खोल्या कुठून पुरणार? शाही दिवाणखाना उघडला. कॅसन यांनी पसंत केलेल्या त्या गालिच्यावर बायका, पोरं, पुरुष, जो तो जागा मिळेल तिथे आडवा झाला.