समुपदेशकाचे प्रमाणपत्र: काय पाहावे, काय विचारावे?

पेणकरपाड्यातून काशिमीऱ्याकडे जाताना एखाद्या इमारतीवर 'समुपदेशक व थेरपिस्ट' अशी पाटी दिसली, तर आत जाण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्या. समुपदेशकाच्या भिंतीवरचे प्रमाणपत्र बहुतेक वेळा खासगी संस्थेने किंवा व्यावसायिक संघटनेने दिलेले, स्वेच्छेने घेतलेले असते. ते निरुपयोगी नसते, पण तो सरकारी परवाना नव्हे.

नोंदणी कोणाची असते?

मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर या विषयात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर असतो. त्याची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते आणि मानसिक आजारावरची औषधे त्याच्याच सल्ल्याने घ्यावीत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी 1992 च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. केवळ एमए सायकॉलॉजी असलेली व्यक्ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नसते. इथे रुग्णांची सर्वाधिक गल्लत होते. नोंदणी क्रमांक मागा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळा. क्रमांक विचारल्याचा राग येत असेल, तर दुसरीकडे जाणे बरे.

समुपदेशकांना 2021 च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिक कायद्याच्या कक्षेत घेतले आहे. तरीही तुम्ही स्वतः चौकशी करणे आवश्यकच आहे.

स्वेच्छेने घेतलेले प्रमाणपत्र कसे जोखावे?

कागदापेक्षा त्यामागचे काम पाहा. प्रशिक्षण किती महिन्यांचे होते? प्रत्यक्ष रुग्णांसोबत, अनुभवी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली किती तास काम केले? आजही अडचणीच्या केसबद्दल ते कोणाशी चर्चा करतात? तक्रार करायची झाल्यास कोणाकडे करायची? दोन दिवसांच्या ऑनलाइन कोर्सचे प्रमाणपत्र या प्रश्नांपुढे टिकत नाही.

मोठी पदवी नसलेला माणूस मदत करूच शकत नाही, असेही नाही. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतील नैराश्याच्या रुग्णांना प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी दिलेल्या उपचारांचा उपयोग झाल्याचे तिथल्या 'संगाथ' संस्थेच्या अभ्यासांत दिसले. मात्र तिथे ठरलेली पद्धत होती आणि कामावर सतत देखरेख होती. एकट्याने दुकान थाटलेल्या व्यक्तीकडे यातले काय आहे, हे विचारायलाच हवे.

"डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा", "पाच सत्रांत हमखास बरे करतो" किंवा "घरच्यांना काही सांगू नका" असे कोणी म्हणाले, तर त्याच्याकडे जाणे थांबवा. गोळ्या अचानक सोडल्याने आजार पुन्हा उफाळू शकतो.

आत्महत्येचे विचार, भास किंवा अनेक दिवस झोप नसणे अशी लक्षणे असतील, तर प्रमाणपत्रे तपासण्यात वेळ घालवू नका. टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येते. घोडबंदर मार्गे ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालयही गाठता येते. रुग्णाला एकटे सोडू नका आणि चालू औषधांची चिठ्ठी सोबत घ्या.