आठ कोपऱ्यांचा खटला

दोन बाय दोनचा क्यूब पोरं ‘सोपा’ म्हणून बाजूला टाकतात. मला त्यात पेटंटचं अख्खं राजकारण दिसतं.

नुसते आठ कोपरे. मांडण्या ३६,७४,१६०, तरी कुठलीही जास्तीत जास्त ११ चालींत सुटते. अमेरिकेत लॅरी निकोल्सने चुंबकांनी जोडलेल्या अशाच क्यूबचं पेटंट १९७२ साली मिळवलं. हंगेरीत एर्नो रुबिकने १९७४ मध्ये तीन बाय तीनचा स्वतंत्रपणे बनवला. नाव झालं रुबिकचं!

निकोल्सची कंपनी कोर्टात गेली. १९८६ मध्ये अपील कोर्टानेही मान्य केलं, की बाजारातल्या छोट्या क्यूबने पेटंटचा भंग केलाय. मोठा क्यूब मात्र शेवटी सुटला.

म्हणून ‘आपली पेटंटं किती’ एवढंच मोजू नका. कागद कोर्टात जिंकतो. घराघरात वस्तू पोचवणं हे वेगळंच गणित.