मतासाठी तेहतीस वर्षे : इजिप्तच्या भगिनींची कथा

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या मंडळात तिळगूळ वाटता वाटता परदेशांतील मुस्लिम स्त्रियांविषयी बोलणे निघाले. एक भगिनी कळवळून म्हणाल्या, "बिचाऱ्या! त्यांना यातून सोडवणार तरी कोण?" आपल्या शिवणवर्गात पहिल्या दिवसापासून असलेल्या एक मुस्लिम सभासद बाई जवळच बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, सोडवायला बाहेरून कोणी आलं नाही. ज्या लढल्या त्या आमच्यातल्याच होत्या." त्यांचे ते वाक्य माझ्या मनातून जाईना. म्हणून स्मरणिकेसाठी हा लेख लिहावयास घेतला. साऱ्या जगाची हकीकत चार पानांत मावणार नाही. एका इजिप्त देशाचीच सांगते.

हुदा शारावी यांचा जन्म १८७९ चा, घराणे मोठे जमीनदारांचे. घरात पडदा कडक. नवव्या वर्षी त्यांनी कुराण मुखोद्गत केले. पण अरबी व्याकरण शिकण्याची इच्छा धरली तेव्हा मुलीला व्याकरणाचे काय काम, म्हणून शिक्षकांना परत धाडण्यात आले. तेराव्या वर्षी त्यांचा विवाह झाला तो वयाने कितीतरी मोठ्या, अगोदरच मुलेबाळे असलेल्या चुलतभावाशी. पुढे काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या आणि त्या काळात त्यांनी अभ्यास केला. आपल्याकडील पहिल्या पिढीच्या शिकलेल्या स्त्रियांची चरित्रे ज्यांनी वाचली आहेत त्यांना ही कथा परकी वाटणार नाही.

१९१९ च्या मार्चमध्ये इंग्रज सरकारने साद झगलूल आदी पुढाऱ्यांना हद्दपार केले आणि सारा इजिप्त पेटला. १६ मार्च रोजी हुदाबाईंच्या पुढाकाराने गोषातल्या स्त्रिया कैरोच्या रस्त्यावर उतरल्या. सैनिकांनी त्यांची वाट अडवली आणि त्या उन्हात तासन्‌तास उभ्या राहिल्या. तेव्हा देशाने त्यांचे कौतुक केले. पण १९२२ मध्ये देश स्वतंत्र म्हणून जाहीर झाला, १९२३ मध्ये राज्यघटना आली, आणि निवडणुकीच्या कायद्यात मत फक्त पुरुषांना मिळाले! लढ्याच्या वेळी जिला हाक मारली, तिला राज्य हाती आल्यावर घरी जाण्यास सांगितले.

हुदाबाई मात्र घरी बसल्या नाहीत. त्याच वर्षी त्यांनी इजिप्शियन स्त्रियांचा संघ स्थापन केला. रोमच्या आंतरराष्ट्रीय स्त्रीपरिषदेहून परतताना कैरोच्या स्टेशनावर त्यांनी चेहऱ्यावरील बुरखा दूर केला, ही गोष्ट जगभर सांगितली जाते. पण त्यांचे खरे काम त्या एका क्षणापुरते नव्हते. गरीब स्त्रियांसाठी दवाखाना, मुलींसाठी हस्तव्यवसायाचे वर्ग, मासिक, सरकारदरबारी अर्जांवर अर्ज, असे ते रोजचे काम होते. मुलीच्या विवाहाचे किमान वय १६ करणारा कायदा तेथे १९२३ मध्येच झाला. आपला शारदा कायदा १९२९ चा, आणि त्यात वय होते १४. १९२९ मध्येच तेथील कायद्याने ठरवले की, एका दमात तीनदा उच्चारलेला तलाक एकच मानावा. पतीकडून छळ झाल्यास न्यायाधीशाकडे दाद मागण्याचा मार्गही स्त्रीला मिळाला. मत मात्र मिळाले नाही. १९४७ मध्ये हुदाबाई वारल्या त्या मत न देताच.

त्यांचा वारसा पुढे चालवला तो दोरिया शफीक यांनी. तान्ता गावची ही हुशार मुलगी पॅरिसला शिकावयास गेली ती हुदाबाईंच्याच मदतीने. तेथून डॉक्टरेट घेऊन परतल्यावर दोरियाबाईंनी १९४५ मध्ये 'बिन्त अल्-नील', म्हणजे 'नीलकन्या', हे मासिक काढले आणि १९४८ मध्ये त्याच नावाचा संघ. निरक्षर बायकांना मत कशाला, असा विरोधकांचा आक्षेप असे. त्यावर संघाने साक्षरतेचे वर्ग उघडले.

१९ फेब्रुवारी १९५१ रोजी सुमारे १५०० स्त्रियांना घेऊन दोरियाबाई थेट पार्लमेंटमध्ये शिरल्या. आश्वासने मिळाली, काम झाले नाही. पुढे राजेशाही गेली, लष्करी अधिकाऱ्यांचे राज्य आले. नवी घटना लिहिणाऱ्या समितीत एकही स्त्री नाही असे दिसताच १२ मार्च १९५४ रोजी त्या पत्रकार संघाच्या कचेरीत उपोषणास बसल्या. राष्ट्राध्यक्ष नजीब यांच्याकडून शब्द आला तेव्हाच उपोषण सुटले. अखेर १९५६ च्या घटनेने स्त्रियांना मत दिले. तेही मतदारयादीसाठी बाईने स्वतः अर्ज करावा या अटीवर. पुरुषांना अशी अट नव्हती. १९५७ मध्ये रावया अतिया आणि अमीना शुक्री या दोन स्त्रिया निवडून आल्या. १९२३ ते १९५६, म्हणजे तेहतीस वर्षे! आपल्याला हा हक्क संविधानाबरोबर १९५० मध्येच मिळाला, आणि मतदानाच्या दिवशी स्वयंपाकाचे निमित्त सांगून आपण कधीकधी तो चुकवतो!

पण कथा येथे आनंदाने संपत नाही. फेब्रुवारी १९५७ मध्ये नासर यांच्या एकाधिकारशाहीच्या आणि इजिप्तच्या भूमीवरील इस्रायली ताब्याच्या निषेधार्थ दोरियाबाईंनी पुन्हा उपोषण मांडले. ते कोठे, तर कैरोतील भारतीय वकिलातीत. गांधीजींच्या देशाच्या दाराशी त्या आल्या होत्या. त्यानंतर त्यांना घरात स्थानबद्ध करण्यात आले, मासिक बंद पडले, वृत्तपत्रांत त्यांचे नावही छापेनासे झाले. आणि सर्वांत वाईट म्हणजे त्यांच्याच संघातील सहकारी स्त्रियांनी त्यांना देशद्रोही म्हणून दूर लोटले. पुढची अठरा वर्षे त्यांनी जवळजवळ एकांतात काढली. १९७५ मध्ये सज्जावरून पडून त्यांचा अंत झाला. ज्यांच्या उपोषणानंतर मत मिळाले, त्यांचे नाव मत देणाऱ्या कितीजणींना ठाऊक असेल?

तरी काम थांबले नाही. २००० सालच्या कायद्याने इजिप्तमधील स्त्रीला मेहेर परत करून व आर्थिक हक्क सोडून का होईना, छळाचा पुरावा न देता विवाहातून मोकळे होता येऊ लागले.

आपल्या महाराष्ट्रातही १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत मोर्चा नेला. त्यांची एक मागणी तोंडी तलाक बंद व्हावा ही होती. मोर्च्यात बायका सात आणि विरोध केवढा! सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी तलाक रद्द ठरवला तो २२ ऑगस्ट २०१७ रोजी. म्हणजे त्या सातजणी चालल्या त्यानंतर एक्कावन्न वर्षांनी. आणि तेव्हाही न्यायालयाची पायरी चढल्या होत्या त्या मुस्लिम स्त्रियाच.

भगिनींनो, कोणा स्त्रीची कीव करण्याआधी तिने काय केले हे विचारावे, एवढे मी या वाचनातून शिकले. आणि दुसरे असे की, जी पुढे होऊन बोलते तिच्यावर आळ आला की तिला एकटी टाकण्याचा मोह सर्वांनाच होतो, नीलकन्यांनाही झाला. आपल्या मंडळातही मतभेद होतात, रुसवेफुगवे होतात. पण एखादीने न्यायासाठी तोंड उघडले आणि बाहेरून दगड आले, तर तिची खुर्ची सभेत रिकामी राहू नये. तिचे नाव इतिवृत्तात लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या मुलींना ते सापडेल.

ज्या बाईंच्या एका वाक्याने हा लेख लिहविला, त्यांचे मी आभार मानते.