आग्रा रोडवरचे तुरिन : मुंबई उपनगरांतील परकीय भांडवलाची वाटचाल

परकीय भांडवल एखाद्या देशात ज्या मार्गांनी येते, त्यांतील थेट गुंतवणुकीचा मार्ग सर्वांत खोलवर जाणारा असतो. परदेशी कंपनी येथील उद्योगात किमान दहा टक्के भागभांडवल घेते आणि त्याच्या कारभारात दीर्घकाळ सहभागी राहते, तेव्हा त्या गुंतवणुकीला थेट परकीय गुंतवणूक म्हणतात. शेअर बाजारात आज समभाग घेऊन उद्या विकणाऱ्याचा पैसा या व्याख्येत बसत नाही. याहून वेगळा प्रकार तांत्रिक सहकार्याचा, ज्यात परदेशी कंपनी भांडवल न घालता केवळ आराखडे, तंत्रज्ञान आणि नाव वापरू देते व त्याबद्दल स्वामित्वशुल्क, म्हणजे रॉयल्टी, घेते. मुंबईच्या उपनगरांनी हे दोन्ही प्रकार अनुभवले असून, त्यांतील फरक ध्यानात घेतल्याशिवाय मुलुंड, घाटकोपर किंवा अंधेरीचा औद्योगिक इतिहास नीट उलगडत नाही.

साष्टी बेटावरील ही गावे बृहन्मुंबईत आली ती दोन टप्प्यांत: 1950 मध्ये जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत, तर 1957 मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत. याच सुमारास देशाची परकीय चलनाची गंगाजळी आटली, आयातीवरील निर्बंध कडक झाले आणि ज्या परदेशी कंपन्या आजवर आपला माल जहाजाने पाठवीत होत्या, त्यांच्यापुढे भारतात उत्पादन करणे किंवा भारताची बाजारपेठ सोडून देणे असे दोनच पर्याय उरले. ज्यांनी राहायचे ठरवले, त्यांना बंदराजवळची, पण शहरातील दाटीबाहेरची मोकळी जमीन हवी होती. मध्य रेल्वेला समांतर जाणारा जुना आग्रा रोड, म्हणजे आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग, त्यांना तशी जमीन देऊ शकत होता. या भांडवलाला सरकारने बोलावले होते असे सरसकट म्हणणे बरोबर होणार नाही. आयातीची भिंत उभी राहिली म्हणून ते भिंतीच्या आत येऊन बसले.

या रस्त्यावर इटलीतील तुरिन या एकाच शहराचे दोन उद्योग पोहोचले, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही. कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये स्थापन केलेली कंपनी. तिने आधी अमेरिकेच्या क्रायस्लरशी आणि नंतर तुरिनच्या फियाटशी सहकार्य केले, आणि पुढे पद्मिनी या नावाने ओळखली गेलेली गाडी मुंबईची टॅक्सी म्हणून घरोघरी माहीत झाली. हे मुख्यतः तांत्रिक सहकार्य होते. कारखान्याची मालकी भारतीयच राहिली. भांडुपला मात्र तुरिनच्याच दुसऱ्या कंपनीने टाटा समूहाच्या साथीने 1958 मध्ये टायरचा उद्योग काढला. या कंपनीचे ‘सीएट’ हे नाव म्हणजे तिच्या मूळ इटालियन नावाची आद्याक्षरे असून, त्यांतील शेवटचे अक्षर तुरिनचे आहे. 1982 मध्ये हा उद्योग गोएंकांच्या आरपीजी समूहाकडे आला, तरी भारतीय मालकाने नाव बदलले नाही, आणि भूमध्य समुद्रालगतच्या देशातील एका शहराचे आद्याक्षर आजही भारतातील लाखो टायरांवर उमटत आहे. फियाटने 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात कुर्ल्यातच स्वतःचे भांडवल घातले. परंतु परवान्याच्या काळात जे नाव लोकांनी आपले मानले होते, ते मालकीच्या काळात टिकले नाही आणि फियाटचे उत्पादन अखेर पुण्याजवळच्या रांजणगावला गेले.

औषधांच्या क्षेत्रात या भांडवलाने अधिक मोलाचे काही दिले. जॉन्सन अँड जॉन्सनने 1957 मध्ये भारतीय कंपनी नोंदवून मुलुंडला कारखाना काढला. त्याच मुलुंडमध्ये जर्मनीच्या हेक्स्ट कंपनीने 1972 मध्ये संशोधन केंद्र उभारले. त्याआधी, 1963 मध्ये, गोरेगावला स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीचे संशोधन केंद्र सुरू झाले आणि त्याचे उद्घाटन पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते झाले. अंधेरीला हिंदुस्थान लिव्हरचे संशोधन केंद्र होते. ही केंद्रे केवळ शोभेची नव्हती. हेक्स्टच्या मुलुंड केंद्रात तुळशीच्या कुळातील कोलियस या भारतीय वनस्पतीच्या मुळांपासून फोर्स्कोलिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले, जे पेशींच्या अंतर्गत संदेशवहनाचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांत आजही रोज वापरले जाते. गोरेगावच्या केंद्रातून नैराश्यावरील एक नवे औषध तयार होऊन बाजारात आले. परकीय भांडवल केवळ नफा बाहेर नेते, हा आक्षेप पुष्कळ अंशी खरा असला, तरी ज्या ठिकाणी त्याने येथील रसायनशास्त्रज्ञांच्या हाती प्रयोगशाळा दिली, तेथे तो अपुरा ठरतो.

1973 हे वर्ष या इतिहासात निर्णायक आहे, कारण एकाच वर्षी सरकारने दोन परस्परविरोधी पावले टाकली. परकीय चलन नियमन कायद्याने, म्हणजे ‘फेरा’ने, बहुतेक परदेशी कंपन्यांना भारतातील आपला हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणण्यास भाग पाडले, अट अमान्य करून कोका-कोला 1977 मध्ये बाहेर पडली, तर प्रगत तंत्रज्ञान आणि निर्यात यांच्या बळावर हिंदुस्थान लिव्हरसारख्या काहींनी बहुमत राखले. त्याच वर्षी अंधेरी पूर्वेला ‘सीप्झ’ हे इलेक्ट्रॉनिक्सचे निर्यात क्षेत्र उघडले गेले, जेथे माल देशाबाहेरच विकण्याच्या अटीवर परदेशी मालकीला मुभा आणि आयातशुल्कातून सूट होती. भूमध्य समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरही नेमके याच वर्षांत असेच घडत होते: ट्युनिशियाने एप्रिल 1972 मध्ये केवळ निर्यात करणाऱ्या कंपन्यांना करमाफी देणारा कायदा केला आणि इजिप्तने 1974 च्या त्रेचाळिसाव्या कायद्याने राष्ट्राध्यक्ष सादात यांच्या खुलेपणाच्या धोरणाची दारे उघडली. ट्युनिशियात त्यामुळे युरोपसाठी कपडे शिवणारे कारखाने वाढले, परंतु देशातील इतर उद्योगांशी त्यांचा धागा फारसा जुळला नाही. सीप्झमध्ये मात्र धागा जुळला, तोही अनपेक्षित ठिकाणी. अमेरिकेच्या बरोज कंपनीच्या साथीने 1977 मध्ये स्थापन झालेली टाटा बरोज ही देशातील सॉफ्टवेअर निर्यातीच्या आरंभीच्या कंपन्यांपैकी एक ठरली, आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी आखलेल्या कुंपणात संगणकाच्या आज्ञावली लिहिणारे, तर 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून हिऱ्यांचे दागिने घडवणारे कारागीर एकमेकांशेजारी काम करू लागले.

जुलै 1991 च्या औद्योगिक धोरणाने चौतीस उद्योगांत 51 टक्क्यांपर्यंत परकीय भागभांडवलाला आपोआप मंजुरी दिली, तेव्हा मुंबई उपनगरांत नवे कारखाने येतील अशी अपेक्षा बाळगण्यास फारसे कारण नव्हते. राज्याचे धोरण मोठे उद्योग शहराबाहेर नेण्याचे होते, आणि 1991 च्याच विकास नियंत्रण नियमावलीने काही अटींवर औद्योगिक जमिनीचा निवासी व व्यापारी वापर शक्य केला. मार्च 2005 मध्ये बांधकाम क्षेत्रात शंभर टक्के परकीय गुंतवणुकीला परवानगी मिळाल्यावर भांडवलाचा ओढा यंत्रांकडून जमिनीकडे वळला. बोरिवलीच्या केबल कारखान्याच्या जागी निवासी संकुल उभे राहिले. गोरेगावच्या निरलॉनमध्ये, जेथे एके काळी नायलॉनचे सूत निघत होते, तेथे कार्यालयांचे संकुल आले आणि 2015 मध्ये त्या कंपनीचे बहुसंख्य समभाग सिंगापूर सरकारच्या गुंतवणूक संस्थेकडे गेले. आकडेवारीत हीही थेट परकीय गुंतवणूकच; भांडुपचा टायर कारखाना ज्या रकान्यात मोजला जाई, त्याच रकान्यात ती मोजली जाते.

भूमध्य किनाऱ्यावरील देशही याच अनुभवातून जात आहेत. मोरोक्कोत टँजियरजवळ रेनॉने 2012 मध्ये मोटारींचा कारखाना उघडला, तर इजिप्तने फेब्रुवारी 2024 मध्ये रास एल-हिक्मा या किनारपट्टीसाठी अबू धाबीशी 35 अब्ज डॉलरचा करार केला, जो मुख्यतः जमीन आणि पर्यटननगरीचा आहे. दुसरी गुंतवणूक पहिलीपेक्षा रकमेने कितीतरी मोठी दिसते, पण कौशल्य हस्तांतरित होते ते पहिलीतूनच.

परकीय भागभांडवल मिळवण्यात महाराष्ट्र देशात अग्रेसर असून, 2024-25 मध्ये भारतात आलेल्या परकीय भागभांडवलापैकी सुमारे 39 टक्के राज्याच्या नावावर नोंदले गेले. पण ही नोंद कंपनीच्या पत्त्यावरून होते. कार्यालय मुंबईत आणि कारखाना भलत्याच राज्यात, असेही घडते. म्हणून उपनगरांचा इतिहास या टक्केवारीतून लिहिता येणार नाही. तो कारखान्यांच्या हजेरीपटांत, संशोधन केंद्रांच्या वह्यांत, कामगार संघटनांच्या करारनाम्यांत आणि ऐंशीच्या घरात पोहोचलेल्या निवृत्त फिटर व रसायनतज्ज्ञांच्या स्मरणात आहे. मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघासारख्या संस्थांनी आणि उपनगरांतील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी ही कागदपत्रे व आठवणी गोळा करण्याचे काम आताच हाती घ्यावे, कारण त्या आठवणी सांगू शकणारी पिढी आणखी फार काळ हाताशी असणार नाही.