पाणी हेक्टरचं की माणसांचं?

पैठणच्या जायकवाडी धरणातून निघालेला डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे. तो पाथरी, मानवत करत परभणीकडे येतो. धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींनी १९६५ साली केली, उद्घाटन १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते झालं. या कालव्यावर ऊस उभा राहिला. कालव्याकाठच्या आमच्या वस्त्यांच्या वाट्याला काय आलं, हा हिशोब कुठल्याच जलआराखड्यात सापडत नाही.

बाबासाहेब म्हटलं की लोकांना चवदार तळं आठवतं, २० मार्च १९२७. ते आठवलंच पाहिजे. पण १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना सिंचन आणि वीजही त्यांच्याकडे होती, हे शाळेत कोण शिकवतं? दामोदर खोऱ्याच्या योजनेत प्रांतांच्या सीमा बाजूला ठेवून अख्ख्या खोऱ्याचा एकत्र विचार करायचा, ही भूमिका त्यांनी मांडली. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकला त्यांनी सांगितलं की पुराचं पाणी हे संकट नव्हे, ती साठवायची संपत्ती आहे.

खोरं एक मानायचं हे महाराष्ट्राच्या कायद्यात यायला २००५ उजाडलं. त्या कायद्याच्या आधारे २०१४ चा आदेश निघाला: १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर नगर-नाशिकच्या धरणांनी पाणी सोडायचं. २०१६ ला उच्च न्यायालयानं समन्यायी वाटपाचं हे तत्त्व उचलून धरलं. मराठवाड्यानं आनंद मानला, आम्हीही मानला.

पण समन्याय पैठणच्या दारात येऊन थांबतो. पुढं पाणी मोजलं जातं हेक्टरवर. त्याच २००५ सालच्या दुसऱ्या कायद्यानं पाणी वापर संस्था आल्या, त्यांचा सभासद लाभक्षेत्रातला जमीनधारक. ज्याच्या नावावर सातबारा नाही तो बैठकीला बसणार कुठं? गायरान कसणारा कुठं? दुसऱ्याच्या उसाला रात्री पाणी देणारा मजूर त्या पाण्याचा कोणीच नाही. वरच्या धरणवाल्यांविरुद्ध न्याय मागणारे आपल्याच गावात हा प्रश्न काढत नाहीत, आणि ही विसंगती त्यांना टोचतही नाही.

‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बाबासाहेबांनी १९४७ सालीच जमीन राज्याच्या मालकीची करून सामुदायिक शेती मागितली होती. ती झाली नाही. पण जमिनीशिवायही पाण्यावर हक्क देता येतो. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायत सुरू केली. तिथं पाणी कुटुंबातल्या माणसांवर मोजलं, भूमिहीनांनाही वाटा धरला, उसाला मनाई केली.