नऊ एक आणि देवळालीचे मास्तर

मंद्रूपच्या एसटी स्टँडवर सोलापूरच्या गाडीची वाट बघत होतो. चाळा म्हणून फोनच्या कॅल्क्युलेटरवर नऊ वेळा एक दाबला आणि त्या संख्येचा वर्ग केला. उत्तरात शेवटी 'ई' आणि १६. मागचे आकडे फोनने गिळून टाकले होते. मग बॅगेतली वही काढली.

तुम्हीही करून बघा. १११११११११ ला तिनेच गुणायचं, म्हणजे तीच ओळ नऊ वेळा, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून लिहायची. बेरजेत उजव्या टोकाला एक, मग दोन, तीन, मध्यावर नऊ आणि तिथून पुन्हा उतरण. हातचा कुठेच नाही. उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१, उलटं वाचलं तरी तेच. दहा एक घेतलेत तर मधल्या रकान्यात दहा जमतात, हातचा येतो आणि डोलारा विस्कटतो: १२३४५६७९००९८७६५४३२१.

अशा संख्यांना 'डेम्लो' म्हणतात. डेम्लो हे मुंबईपासून तीसेक मैलांवरचं जीआयपी रेल्वेचं स्टेशन, म्हणजे आजचं डोंबिवली. दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना ही कल्पना तिथे सुचली, म्हणून हे नाव. १९०५ साली डहाणूत जन्म, फर्ग्युसनमध्ये शिक्षण, १९२७ मध्ये रँग्लर परांजपे पारितोषिक. पुढची पदवी नाही. १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर. ६१७४ या त्यांच्या स्थिरांकाचे व्हिडिओ तुमच्या फोनवर येऊन गेले असतील.

त्यांनी आणखी एक जात शोधली. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो ती 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. नऊ एकांना ९ ने भागलं तर १२३४५६७९ येतं (यात ८ गायब आहे, बघा). म्हणून वर्गाला ८१ ने भाग गेलाच पाहिजे. मास्तरांचे दोन्ही शोध या एका संख्येत भेटतात.

आपल्याकडच्या बऱ्याच गणितींना हा पोरखेळ वाटला. व्यवहारातला उपयोग मलाही सांगता येणार नाही, पण म्हणून तो पोरखेळ ठरत नाही. मास्तरांनी पदरमोड करून पुस्तिका छापल्या. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, तेव्हा शिकवण्या घेतल्या. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला नाव कळलं; मास्तर तेव्हा सत्तरीत होते. तरीही १९७७ मध्ये आयव्हन निव्हेन एका व्याख्यानात याच संख्यांवर बोलले आणि पाश्चात्य लेखनात त्या 'निव्हेन संख्या' झाल्या. निव्हेन मोठे गणिती, त्यांचा यात काही दोष नाही. पण 'हर्षद' म्हणताना जे हसू येतं ते त्या नावात नाही.

विजापूरकडून गाडी आली तेव्हा ८१ चा भागाकार अर्धाच झाला होता. उरलेला खिडकीशी बसून, गुडघ्यावर वही ठेवून केला. बाकी शून्य.